7 जूनचा जबाब : नाशिकच्या सहा आरोपींचे प्रकरण

भारतातील फौजदारी खटला ज्या ज्या पायऱ्या चढू शकतो, त्या जवळजवळ सगळ्या चढलेले एक प्रकरण महाराष्ट्रात घडले. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालय असा त्याचा प्रवास जवळपास 16 वर्षे चालला. सहा माणसे या काळात तुरुंगात होती. त्यांपैकी बहुतेक वर्षे त्यांच्यातील कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर फाशी होती आणि 2009 नंतर तर सहाही जणांच्या होती. शेवटी 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. व्यवस्थेने आपली चूक अखेर दुरुस्त केली, असे या प्रकरणाबद्दल म्हणता येते आणि ते खोटेही नाही. मात्र जी गोष्ट शेवटी निर्णायक ठरली ती घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या हाती आलेली होती. त्यामुळे ती इतकी वर्षे निर्णायक का ठरली नाही, हाच या अभ्यासाचा खरा प्रश्न आहे.

घटना 5 जून 2003 च्या रात्रीची. नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या कुटुंबावर अनोळखी टोळीने हल्ला केला. रोकड आणि दागिने लुटले, पाच जणांना ठार मारले, घरातील स्त्रियांवर अत्याचार केले. वाचले ते दोघेच, आई आणि तिचा एक मुलगा. मृतांमध्ये त्या आईचा पती, मुले आणि घरी आलेला एक पाहुणाही होता. गुन्ह्याच्या क्रौर्याबद्दल कोणत्याही टप्प्यावर कोणत्याही न्यायाधीशाला शंका नव्हती, पुढे झालेल्या निकालांतही त्याबद्दल मतभेद नाही. वाद एवढाच होता की हे कृत्य करणारी माणसे कोण.

अशा गुन्ह्याचा तपास कसा चालतो हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिथेच सुरू होते. फिर्याद नोंदली जाते, घटनास्थळाचा पंचनामा होतो, मृतदेहांची शवचिकित्सा होते आणि जिवंत साक्षीदारांचे जबाब घेतले जातात. हल्लेखोर अनोळखी असतील तर पोलीस आपल्याकडील नोंदीतील गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह साक्षीदाराला दाखवतात. संशयितांना अटक झाल्यावर कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे ओळख परेड होते. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 9 खाली अशी परेड ग्राह्य होती, आज तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 7 मध्ये आहे. परेडमधील ओळख हा स्वतंत्र, भक्कम पुरावा नसतो. साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर केलेल्या ओळखीला ती केवळ आधार देते, ही गोष्ट आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलेली आहे.

या प्रकरणात आईला 7 जून 2003 रोजी, म्हणजे घटनेच्या दोनच दिवसांनंतर, असा छायाचित्रांचा संग्रह दाखवण्यात आला आणि तिने त्यातील चार जण हल्लेखोर म्हणून ओळखले. त्या वेळी तिची स्मृती ताजी होती. ती स्वतः त्या रात्रीची बळी होती आणि खोटे सांगण्याचे तिला काहीच कारण नव्हते. पुढे अटक झाली ती मात्र वेगळ्याच सहा जणांना, आणि तिने ओळखलेल्या चौघांविरुद्ध खटला चालला नाही. नंतरच्या ओळख परेडमध्ये या सहा जणांची ओळख पटल्याचे सरकार पक्षाने मांडले आणि खटला त्या ओळखीवर, तसेच आई व मुलगा यांच्या न्यायालयातील साक्षीवर उभा राहिला.

ज्या माणसाला तुम्ही एकदा ओळखून दाखवले आहे, त्याच्या जागी दुसराच माणूस उभा केला गेला आणि नंतर तुम्ही त्यालाही ओळखले, तर दोन ओळखींपैकी किमान एक चुकीची आहे. हे समजायला कायद्याचे शिक्षण लागत नाही. कोणती चुकीची हे ठरवण्यासाठी पहिल्या ओळखीचे काय झाले, ते चौघे कोण, त्यांचा तपास का थांबला, यांची उत्तरे तपासी अंमलदाराकडून मिळायला हवीत. 2019 च्या निकालाचा कणा हाच आहे. न्यायमूर्ती एम. आर. शहा यांनी लिहिलेल्या आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री व न्यायमूर्ती एस. अब्दुल नझीर यांच्या खंडपीठाने दिलेल्या त्या निकालाने चौघांचा तपास न होणे ही गंभीर त्रुटी मानली, साक्षींमधील महत्त्वाच्या विसंगती आणि मागाहून घातलेली भर यांकडे लक्ष वेधले आणि आरोप संशयातीतपणे सिद्ध झाले नाहीत असे ठरवले.

मधल्या 16 वर्षांत काय झाले

12 जून 2006 रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. आपल्या कायद्यात सत्र न्यायालयाची फाशी आपोआप अमलात येत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 366 खाली ती उच्च न्यायालयाकडे कायम करण्यासाठी पाठवावी लागते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 407 मध्ये आहे. आरोपीने अपील केले नाही तरी हे प्रकरण उच्च न्यायालयात जातेच, आणि तेथील दोन न्यायाधीशांनी शिक्षेबरोबर दोषसिद्धीचाही पुरावा मुळापासून तपासावा अशी अपेक्षा असते. जीव घेण्यापूर्वी दुसऱ्या डोळ्यांनी सगळे पुन्हा पाहावे, हा या तरतुदीमागचा विचार आहे आणि तो अतिशय योग्य आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. आरोपींनी दोषसिद्धीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले, तर राज्य सरकारने जन्मठेपेच्या तिघांनाही फाशी मिळावी म्हणून अपील केले. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने राज्याचे म्हणणे मान्य केले आणि सहाही जणांना फाशी झाली. 2010 मध्ये फेरविचार अर्जही फेटाळला गेला.

या टप्प्यावर एका वेगळ्या वादाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्यातून व्यवस्था कुठे पाहते आणि कुठे पाहत नाही हे दिसते. 1980 च्या बच्चन सिंग प्रकरणात घटनापीठाने ठरवले होते की फाशी केवळ 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणात द्यावी आणि त्यासाठी गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही, म्हणजे त्याचे वय, परिस्थिती आणि सुधारण्याची शक्यता यांचाही विचार व्हावा. पुढे रावजी प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने गुन्हेगाराचा विचार बाजूला सारून गुन्ह्याच्या स्वरूपावरच भर दिला. मे 2009 मध्ये संतोषकुमार बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच रावजीचा हा दृष्टिकोन घटनापीठाच्या निकालाविरुद्ध असल्याचे सांगितले. नाशिकच्या सहा जणांना फाशी देणारा निकाल त्याआधी काही दिवसच झाला होता आणि त्यातही रावजीचा आधार घेतलेला होता. त्यावरून 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून, चुकीच्या कायद्यावर दिलेल्या अशा शिक्षा कमी कराव्यात अशी विनंती केली. त्यांच्या यादीत नाशिकचे हे सहाही जण होते.

या पत्राचे मोल मोठे आहे. मात्र त्यातील प्रश्न शिक्षेचा होता: या माणसांना फाशी द्यावी का जन्मठेप. ती माणसे दोषीच नाहीत, हा प्रश्न तेथे नव्हता, कारण तो तोपर्यंत तीन न्यायालयांत निकाली निघालेला मानला जात होता. अपिलाची पायरी जसजशी वर जाते तसतशी चर्चा तथ्याकडून कायद्याकडे सरकत जाते. एखादी गोष्ट खाली 'सिद्ध' झाली की वरच्या न्यायालयात तिच्या मुळाशी हात घालायला फार मोठे कारण लागते. कामाचा व्याप पाहता हा नियम समजण्यासारखा आहे. पण फाशीच्या प्रकरणात तो तितक्याच घट्टपणे लावणे मला धोक्याचे वाटते आणि हे प्रकरण त्याचा पुरावा आहे.

आरोपींपैकी एक जण घटनेच्या वेळी 18 वर्षांखालील होता, हे 2012 मध्ये न्यायालयाने ठरवले. किशोर न्याय कायद्याच्या कलम 7अ मुळे अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, मांडता येत असे, म्हणूनच हे घडू शकले. ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही अशा मुलाला नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली होती. पुढे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या दोन्ही पायऱ्या ओलांडल्यावरही त्याचे वय कोणाच्या लक्षात आले नव्हते. वय हा वादाचा मुद्दाही नसतो, ते शाळेच्या दाखल्यावरून, जन्मनोंदीवरून किंवा वैद्यकीय तपासणीवरून ठरते. ज्यांच्याकडे असे दाखले सहज नसतात त्यांच्या बाबतीत ते विचारण्याचे काम वकिलाचे असते, आणि वकिलाने विचारले नाही तर न्यायाधीशाचे.

आरोपी कोण होते

हे सहाही जण भटक्या जमातींतील, अतिशय गरीब मजूर होते. सर्वोच्च न्यायालयाने निकालात हे नुसते नमूद केलेले नाही. अशा लोकांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे स्पष्टपणे म्हटले आहे. महाराष्ट्रातील वाचकाला यामागचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवले. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणूनच हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, पण पालांवर राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची पोलिसांची सवय तितक्या सहज गेली नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातील जातीभेदाविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांना असलेली मार्गदर्शक तत्त्वे पाळायला सांगितली, यावरूनही ते दिसते.

गरिबीचा परिणाम अटकेवर जितका होतो तितकाच बचावावरही होतो. फाशीच्या खटल्यात सरकार पक्षाकडे पोलीस यंत्रणा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ सरकारी वकील असतात. समोर मोलमजुरी करणारा आरोपी असतो, त्याचे नातेवाईक तारखेला येण्यासाठीही उसने पैसे काढतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेला वकील चांगला असू शकतो, पण त्याने तपासाचा कागद न् कागद वाचावा, साक्षीदाराच्या पहिल्या जबाबाशी न्यायालयातील साक्ष ताडून उलटतपासणी घ्यावी, यासाठी त्याला वेळ आणि साधने मिळाली पाहिजेत. डिसेंबर 2019 मध्ये अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्र म्हणून किमान 10 वर्षे वकिली केलेला वकीलच नेमावा आणि त्याला तयारीसाठी किमान 7 दिवस द्यावेत. नियम चांगला आहे. पण तो नाशिकच्या निकालानंतर 9 महिन्यांनी आला.

कागद कोणाच्या हाती

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट न्यायाधीशांच्या चुकीत शोधण्यापेक्षा कागदपत्रांच्या वाटेत शोधली पाहिजे. आपल्या पद्धतीत न्यायाधीश स्वतः तपास करत नाही, समोर ठेवलेल्या कागदांवर आणि साक्षीवर तो निकाल देतो. कोणते कागद समोर येतील हे बहुतांशी तपासी अंमलदार आणि सरकारी वकील ठरवतात. दोषारोपपत्रासोबत आरोपीला ज्या जबाबांच्या आणि दस्तऐवजांच्या प्रती मिळत, त्या प्रामुख्याने सरकार पक्ष ज्यांवर भिस्त ठेवणार आहे त्यांच्याच असत. तपासात मिळालेले, पण सरकार पक्षाला गैरसोयीचे असलेले साहित्य पोलीस ठाण्याच्या कपाटात राहिले, तर ते आहे हेच बचाव पक्षाला कळण्याचा मार्ग नसे. नाशिकच्या प्रकरणात पहिली ओळख कुठल्या ना कुठल्या रूपात नोंदीत असूनही तिला जे वजन मिळायला हवे होते ते तीन न्यायालयांत मिळाले नाही. ओळख परेडचा निकाल सरकार पक्षाने आग्रहाने मांडला. आधीच्या ओळखीविषयी तसा आग्रह धरण्याचे कारण त्याच्याकडे नव्हते.

सरकारी वकिलाचे काम शिक्षा मिळवणे नसून न्यायालयाला सत्यापर्यंत पोहोचायला मदत करणे हे आहे, हे आपल्या वकिलांना पहिल्या वर्षी शिकवले जाते. प्रत्यक्षात दोषसिद्धीचे प्रमाण हेच पोलिसांच्या आणि सरकारी वकिलांच्या कामाचे माप होऊन बसले आहे. बैठकीत विचारले जाते ते किती गुन्हे शाबित झाले हे, किती निरपराधांना वेळीच सोडले हे कोणी विचारत नाही. पाच जणांच्या हत्येनंतर वर्तमानपत्रांचा, लोकांचा आणि वरिष्ठांचा दबाव किती असतो याची कल्पना करता येते. त्या दबावाखाली कोणाला तरी पकडले आहे, हे सांगता येणे हाच तात्काळचा दिलासा असतो.

एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतील त्रुटींविषयी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात आदर्श नियमांचा मसुदा मंजूर केला. सरकार पक्ष ज्यांवर भिस्त ठेवत नाही अशा जबाबांची, दस्तऐवजांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. मे 2022 च्या मनोज प्रकरणात हीच गोष्ट न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितली. ही यादी एखाद्या आरोपीच्या हाती 2003 मध्ये पडली असती, तर त्यात 'छायाचित्रावरून चार इसमांची ओळख, दिनांक 7 जून 2003' अशी एक ओळ असती. उलटतपासणी करणाऱ्या साध्या वकिलालाही तेवढी ओळ पुरली असती.

फेरविचाराचा दरवाजा पुन्हा कसा उघडला, हेही नोंदवण्याजोगे आहे. फेरविचार अर्ज पूर्वी न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांना न ऐकता निकाली निघत. सप्टेंबर 2014 मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने बहुमताने ठरवले की फाशीच्या प्रकरणातील फेरविचार किमान तीन न्यायाधीशांनी, खुल्या न्यायालयात, वकिलांचे म्हणणे ऐकून करावा. त्या निर्णयामुळे जुने फेरविचार अर्ज पुन्हा चालवण्याची वाट मिळाली. नाशिकच्या प्रकरणात ऑक्टोबर 2018 मध्ये 2009 चा निकाल मागे घेण्यात आला, अपिले पुन्हा उभी राहिली आणि तीन न्यायाधीशांनी पुरावा मुळापासून वाचला. म्हणजे या सहा जणांचे प्राण वाचले ते त्यांच्या स्वतःच्या खटल्यात कोणाला आधी चूक दिसली म्हणून नव्हे. दुसऱ्या एका प्रकरणात सुनावणीच्या पद्धतीविषयी झालेल्या निर्णयाने त्यांना पुन्हा दारापाशी आणले. तीन न्यायाधीशांसमोर खुली चर्चा झाली तेव्हा त्याच कागदांतून वेगळा निष्कर्ष निघाला, ही बाब कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगते. सुनावणी हा उपचार नाही, तिच्यामुळे निकाल बदलतो.

निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकाला 5 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, त्यांच्या पुनर्वसनासाठी. 16 वर्षांवर वाटले तर दिवसाला 85 ते 90 रुपये येतात. ही रक्कम कमी आहे, असे म्हणताना मी न्यायालयाला दोष देत नाही, कारण चुकीच्या खटल्यात तुरुंगात गेलेल्या माणसाला भरपाई देणारा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मधील 277 व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली होती. न्यायालयाला घटनेच्या कलम 21 चा आधार घेऊन आपल्या अधिकारात जे करता आले ते त्याने केले. तरुण वयात आत गेलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर येतो, तेव्हा त्याचे लग्न, मुले, आईवडिलांचे शेवटचे दिवस, हाताची सवय असलेले काम, सगळेच मागे राहिलेले असते. फाशीच्या कोठडीतील वर्षांचा मनावर होणारा परिणाम तर कोणत्याही रकमेत बसत नाही.

दुसऱ्या बाजूला ती आई आहे. पाच माणसे गमावलेल्या त्या बाईने पोलिसांना चार चेहरे दाखवले, नंतर ओळख परेडला उभी राहिली, न्यायालयात साक्ष दिली आणि शेवटी 16 वर्षांनी तिला कळले की तिच्या घरावर आलेल्या रात्रीचा निकाल अजून लागलेलाच नाही. चुकीची माणसे तुरुंगात ठेवल्याने खरे गुन्हेगार बाहेर राहतात, हे वाक्य एरवी युक्तिवादासाठी वापरले जाते. येथे तो एका कुटुंबाचा अनुभव आहे. सहा निरपराध माणसे आणि हे कुटुंब परस्परांविरुद्ध उभे असल्यासारखे खटल्यात दिसत होते, पण त्याच एका तपासाने दोघांवरही अन्याय केला.

म्हणून 2019 च्या निकालातील भरपाईइतकेच त्यातील उरलेले दोन आदेश महत्त्वाचे आहेत. पहिला, तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून ते सेवेत असतील तर तीन महिन्यांत त्यांच्यावर विभागीय कारवाई करावी. दुसरा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173(8) खाली, त्या आईने ओळखलेल्या चार जणांबाबत पुढील तपास करावा. 7 जून 2003 रोजी नोंदवलेल्या जबाबाच्या आधारे तपास करा, असा आदेश निघायला पावणेसोळा वर्षे लागली.